वीज नियमन म्हणजे नेमकं काय, आणि ते आपल्या बिलात कुठे दिसतं?

प्रश्न असा आहे: महावितरण सरकारचीच कंपनी, ऊर्जामंत्री आहेत, ऊर्जा विभाग आहे. मग दर ठरवायला निराळा नियामक आयोग कशासाठी? आणि 'नियमन' म्हणजे हा आयोग करतो तरी काय?

आयोगाचं काम वीज स्वस्त ठेवण्याचं आहे, असा बहुतेकांचा समज असतो. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. मक्तेदारी असलेल्या कंपनीचा कोणता खर्च रास्त, तो कोणत्या ग्राहकाकडून किती काळात वसूल व्हावा आणि त्या बदल्यात तिने कोणत्या दर्जाची सेवा द्यावी, हे उघड सुनावणी घेऊन आणि कारणं लिहून ठरवणं, एवढंच आयोगाचं काम. यातली 'उघड' आणि 'कारणं लिहून' ही दोन कलमं काढली, तर उरतो तो नुसता सरकारी दरपत्रकाचा कागद. १९९९ आधी आपल्याकडे तोच होता.

मक्तेदारी कुठे आहे ते आधी पाहू. वीज क्षेत्राचे तीन भाग: निर्मिती, पारेषण, वितरण. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ७ ने निर्मितीला परवान्याची अट ठेवली नाही. तांत्रिक मानकं पाळली की कोणीही वीजकेंद्र उभारू शकतो. तारांचं तसं होत नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांनी दोन-दोन रोहित्रं आणि केबल टाकणं म्हणजे दुप्पट खर्च आणि तेवढीच वीज. म्हणून तारा एकाच्या असतात, आणि एकाच्या आहेत म्हणूनच त्यांच्या भाड्यावर कोणीतरी तिऱ्हाईत बसवावा लागतो. मुंबई उपनगर हा अपवाद. तिथे टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. त्यानंतर अनेक ग्राहकांनी पुरवठादार बदलला, पण घरात येणारी तार जुन्याच कंपनीची राहिली आणि तिचा वहन आकार ते भरत राहिले. पुरवठ्यात स्पर्धा आली तरी तारेचं नियमन सुटत नाही, याचं हे उत्तम उदाहरण.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आयोगाची रचना अशी का, ते कळत नाही. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली राज्य मंडळं आली. महाराष्ट्राचं मंडळ १९६० चं. वीज तयार करायची त्यांनीच, वाहून न्यायची त्यांनीच, विकायची आणि दर लावायचेही त्यांनीच. दर वाढवायचा की नाही हा मंत्रालयातला निर्णय, आणि त्यामागचा हिशेब ग्राहकाने पाहायचा नाही. गळती (तारांत जिरलेली आणि चोरीला गेलेली वीज) किती, शेतीला वीज किती गेली, हे मंडळ सांगेल ते खरं. या व्यवस्थेची सर्वांत महागडी चूक म्हणजे दाभोळचा वीजप्रकल्प. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर सामंजस्य करार झाला, १९९३ च्या अखेरीस मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. दाम दोन भागांत होता: वीज घेतली तर इंधनाचा खर्च आणि घेतली-न-घेतली तरी क्षमतेचा स्थिर आकार, तोही डॉलरशी बांधलेला. पहिल्या टप्प्यातलं ७४० मेगावॅटचं केंद्र १९९९ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. करार झाला तेव्हा तो तपासायला राज्यात आयोगच नव्हता.

१९९८ मध्ये संसदेने विद्युत नियामक आयोग कायदा केला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला आणि त्याचा पहिला दर आदेश २००० साली आला. त्या सुनावणीत प्रथमच मंडळाचे आकडे ग्राहक संघटनांच्या हाती पडले आणि सांगितली जात होती त्यापेक्षा गळती बरीच जास्त असल्याचं पुढे आलं. १० जून २००३ पासून नवा वीज कायदा लागू झाला, आणि जून २००५ मध्ये मंडळाची विभागणी होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी झाली.

आयोगात अध्यक्षासह जास्तीत जास्त तीन जण. निवड समितीवर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्षस्थानी, राज्याचे मुख्य सचिव, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष. मुदत पाच वर्षं, वयाची मर्यादा पासष्ट, आणि पुन्हा त्याच पदावर नेमणूक नाही. सरकारला आयोगाला निर्देश देता येतात, पण कलम १०८ प्रमाणे ते लोकहिताच्या धोरणापुरते. 'अमुक गटाचा दर इतका ठेवा' असा हुकूम त्यात बसत नाही. प्रत्यक्षात दबाव नसतोच असं कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आदेश लेखी आणि कारणांसहित असल्यामुळे दबावाच्याही खुणा राहतात, आणि त्या अपिलात दाखवता येतात. अपील ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील लवादाकडे. त्यापुढे फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात.

आता मुख्य भाग: दर बनतो कसा.

वितरण कंपनी वर्षाला लागणाऱ्या एकूण रकमेचा हिशेब मांडते. याला वार्षिक महसुली गरज म्हणतात. त्यात सर्वांत मोठा घास वीजखरेदीचा, साधारण तीन-चतुर्थांश. मग पारेषण आकार, भार प्रेषण केंद्राचा (कोणतं वीजकेंद्र कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा) आकार, पगार आणि देखभाल, घसारा, कर्जावरचं व्याज, खेळत्या भांडवलावरचं व्याज, बुडीत येण्यांसाठी तरतूद, भागभांडवलावरचा परतावा आणि प्राप्तिकर. यातून इतर उत्पन्न वजा. उरलेल्या रकमेला अपेक्षित विक्रीच्या युनिटांनी भागलं की पुरवठ्याचा सरासरी खर्च. महाराष्ट्रात हे वर्षागणिक होत नाही. बहुवार्षिक दर विनियमांखाली काही वर्षांचा टप्पा एकत्र ठरतो आणि मध्ये एक आढावा होतो. चालू टप्पा २०२५-२६ ते २०२९-३० चा आहे.

भांडवली खर्चाचं गणित कळलं की अर्धं नियमन कळतं. समजा १०० कोटींचं उपकेंद्र बांधलं. विनियमाप्रमाणे ७० कोटी कर्ज आणि ३० कोटी भागभांडवल धरतात. व्याज ९ टक्के धरलं तर पहिल्या वर्षी ६.३ कोटी. परतावा १४ टक्के धरला तर ४.२ कोटी. घसारा ५.२८ टक्के, म्हणजे ५.२८ कोटी. बेरीज १५.७८ कोटी, देखभाल आणि कर वेगळे. एकदा १०० कोटी मंजूर झाले की दरवर्षी पंधरा-सोळा कोटींपासून सुरू होऊन पुढे उतरत जाणारी वसुली पंचवीसेक वर्षं ग्राहकाच्या बिलात बसते. आणि कंपनीचा नफा? तो त्या ३० कोटींवर मिळतो. वीज किती विकली त्यावर नाही. म्हणून नियमन असलेल्या कोणत्याही कंपनीचा कल जास्त भांडवल ओतण्याकडे असतो. जगभर हेच दिसतं. ठरावीक रकमेवरच्या योजनांना आयोगाची पूर्वमंजुरी लागते ती यासाठी. मंजुरी देताना पाहायचं असतं ते एवढंच: त्या भागातला उच्चतम भार खरंच किती आहे, शेजारच्या उपकेंद्रात जागा शिल्लक आहे का, आणि मागच्या वेळी याच कारणाने मंजूर करून घेतलेली योजना पूर्ण झाली का. शेवटचा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. योजना मंजूर, कर्ज उचललेलं, काम रखडलेलं, आणि बांधकाम काळातलं व्याज मालमत्तेच्या किमतीत मिसळलेलं, हा नेहमीचा घोटाळा. उशीर कोणामुळे झाला हे दाखवता आलं नाही तर त्या काळातलं व्याज आयोग कापू शकतो, आणि कापावंच.

गळतीचंही असंच. समजा आयोगाने १२ टक्के वितरण गळती मान्य केली आणि प्रत्यक्षात ती १५ टक्के निघाली. ग्राहकाला १०० युनिट विकायचे तर मान्य गळतीने ११३.६ युनिट विकत घ्यावे लागतात, प्रत्यक्ष गळतीने ११७.६. फरक ४ युनिटांचा. खरेदी ५ रुपयांनी धरली तर १०० युनिटांमागे २० रुपये, म्हणजे युनिटमागे २० पैसे. गळती हा कंपनीच्या हातातला घटक मानला जातो, त्यामुळे या २० पैशांपैकी ठरावीक हिस्साच ग्राहकांवर टाकता येतो, बाकी कंपनीने सोसायचा. कागदावर छान आहे. गोची अशी की गळती मोजायची कशी? महाराष्ट्रातल्या कृषिपंपांपैकी बऱ्याच जोडण्यांना मीटर नाही. त्यांचं बिल अश्वशक्तीवर लागतं. जिथे मीटर आहेत तिथलेही कित्येक बंद. मग शेतीचा वापर हा अंदाज ठरतो. हा अंदाज जितका फुगेल तितकी गळती कमी दिसते, कारण चोरलेले आणि तारांत जिरलेले युनिट 'शेतकऱ्याने वापरले' या खात्यात जातात. यात शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेल्या विजेची थकबाकी चढते, आणि सरकारकडून त्या युनिटांचं अनुदानही मागितलं जातं. आयोगाने यासाठी कार्यगट नेमून फीडरनिहाय (उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वाहिनीच्या) आकड्यांवरून वापर तपासून घेतला, तेव्हा अंदाज खाली आले आणि गळतीचा आकडा वर गेला. कृषी फीडर वेगळा केलेला असेल तर उपाय सोपा आहे: उपकेंद्रातल्या फीडर मीटरवरचे युनिट वजा त्या फीडरवरची तांत्रिक गळती, एवढाच वापर धरायचा. मिश्र फीडरवर मात्र हे जमत नाही, आणि आकडे तिथेच फुगतात.

वीजखरेदीत लोकांचा एक गैरसमज कायम भेटतो: 'स्वस्त केंद्र बंद ठेवून महाग वीज घेतात.' कधी हे खरं असतं, पण बहुधा नसतं. दोन केंद्रं घ्या. पहिल्याचा स्थिर आकार युनिटमागे २.५० रुपये, इंधनखर्च २ रुपये; एकूण ४.५०. दुसऱ्याचा स्थिर आकार १ रुपया, इंधनखर्च ३.२० रुपये, एकूण ४.२०. दुसरं स्वस्त दिसतं, पण ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र पहिलं आधी चालवेल. स्थिर आकार दोघांनाही द्यायचाच आहे. वाचवता येतो तो फक्त इंधनखर्च. यालाच गुणवत्ता क्रम म्हणतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात आणि प्रत्येक भागासाठी हा क्रम लागतो. वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. वेळापत्रकापेक्षा जास्त ओढलं किंवा कमी पुरवलं तर विचलनाचा आकार लागतो. हेही नियमनच, आणि दर आदेशापेक्षा कदाचित जास्त महत्त्वाचं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळली, तेव्हा मंजूर कोट्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्यांचा मुद्दा चौकशीत आलाच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा राज्य आयोगाने स्वतंत्र समिती नेमली होती. दर ठरवणाऱ्या संस्थेने ग्रिडच्या शिस्तीकडेही पाहायचं असतं ते यासाठी.

खरेदीचा दर दोन वाटांनी येतो. कलम ६२ ची वाट म्हणजे खर्च तपासून आयोगाने ठरवलेला दर. महानिर्मितीच्या केंद्रांचं असं होतं. कलम ६३ ची वाट म्हणजे स्पर्धात्मक निविदा. तिथे आयोग दर ठरवत नाही, निविदा नियमाप्रमाणे झाली का एवढं पाहून तो स्वीकारतो. निविदेचा दर स्वस्त वाटतो, पण जोखीम कोणाकडे आहे हे करारात बघावं लागतं. गुजरातमधल्या मुंद्राचं ४००० मेगावॅटचं टाटांचं केंद्र २.२६ रुपयांच्या समतल दराने (कराराच्या सगळ्या वर्षांचा मिळून काढलेला सरासरी दर) निवडलं गेलं. त्यातली ७६० मेगावॅट वीज महाराष्ट्राची. कोळसा इंडोनेशियाचा. २०१० मध्ये तिथल्या सरकारने निर्यातीच्या किमतीचे नियम बदलले आणि कोळसा महागला. कंपन्यांनी भरपाई मागितली, केंद्रीय आयोगाने सुरुवातीला दिलीही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलणं हा करारातला 'कायद्यातला बदल' नाही आणि किंमत वाढणं ही अनिवार्य आपत्तीही नाही. देशांतर्गत कोळसा धोरणातल्या बदलाची भरपाई मात्र मागता येईल. करार वाचताना किंमत नंतर, आधी 'कायद्यातला बदल' हे कलम वाचावं, हा त्यातला व्यावहारिक धडा. कारण निविदा झाल्यावर दर ज्या दारातून वाढतो ते हेच.

सरासरी खर्च ठरला तरी तो सगळ्यांना सारखा लावत नाहीत. राष्ट्रीय दर धोरणाची अपेक्षा अशी की कोणत्याही गटाचा दर सरासरी खर्चाच्या अधिक-उणे २० टक्क्यांत असावा. सरासरी ९ रुपये असेल तर ७.२० ते १०.८० चा पट्टा. शेती आणि कमी वापराचे घरगुती ग्राहक खालच्या बाजूला किंवा त्याहीखाली, कारखाने आणि दुकानं वरच्या बाजूला. हीच क्रॉस सबसिडी. मोठा कारखाना या ओझ्याला कंटाळून ओपन ॲक्सेसने (तारा त्याच, वीज दुसऱ्या विक्रेत्याची) बाहेरची वीज घेतो किंवा सामूहिक कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरासाठीच्या) केंद्रात भागीदार होतो. त्यासाठी ग्राहकांचा मिळून २६ टक्के भागभांडवली हिस्सा आणि ५१ टक्के विजेचा स्ववापर, या दोन अटी वर्षअखेर तपासल्या जातात. एक जरी चुकली तरी त्या वर्षाचा क्रॉस सबसिडी अधिभार (बाहेर गेल्यामुळे बुडणाऱ्या क्रॉस सबसिडीची भरपाई) भरावा लागतो. हिस्सेदारीची कागदपत्रं मार्चमध्ये गोळा करायला बसणारे लोक इथे हमखास अडकतात. हरित विजेसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी ओपन ॲक्सेसला लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. कारखाना गेला की त्याच्या वाटणीचा बोजा उरलेल्यांवर पडतो. मग दर वाढतात आणि आणखी काहीजण जातात. यावर आयोगाकडे जादूची कांडी नाही. अधिभार फार लावला तर कायद्याने दिलेली मुभा कागदावरच राहते, कमी लावला तर घरगुती बिल वाढतं.

आणि मग येते फरकाची वसुली. वर्ष संपल्यावर लेखापरीक्षित हिशेब येतो. मंजूर आणि प्रत्यक्ष यातला फरक काढतात. इंधन आणि वीजखरेदीचा चढउतार इंधन समायोजन आकारातून आधीच काही प्रमाणात वसूल होतो. कलम ६२ प्रमाणे दर वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा बदलता येत नाही, पण इंधन समायोजनाचं सूत्र त्याला अपवाद आहे. बाकी तूट पुढच्या वर्षांत, व्याजासह. निवडणुकीच्या तोंडावर दर न वाढवता तूट 'नियामक मालमत्ता' म्हणून पुढे ढकलायची, ही सवय अनेक राज्यांना लागली. दिल्लीत अशी तूट हजारो कोटींवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगांना ती मर्यादेत ठेवायला आणि कालबद्ध फेडायला बजावलं. पुढे ढकललेली दरवाढ ही सवलत नसते. तिच्यावर व्याज चढत असतं, आणि तेही ग्राहकच भरतो. एखाद्या आदेशात 'सरासरी दरवाढ शून्य' असं दिसलं की आधी ढकललेल्या तुटीचा तक्ता शोधावा.

महाराष्ट्राचं ताजं उदाहरण घ्या. २८ मार्च २०२५ ला आयोगाने महावितरणचा बहुवार्षिक दर आदेश दिला, त्यात दर उतरत होते. कंपनीने हरकत घेतली, काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला पुनर्विलोकन आदेश येऊन १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. पुढे वाद न्यायालयातही गेला. पुनर्विलोकनाची कक्षा खरं तर अरुंद असते: नोंदीवरून उघड दिसणारी चूक, आधी मिळू न शकलेला पुरावा, किंवा तसंच पुरेसं कारण. संपूर्ण गणित नव्याने मांडायचं असेल तर जाहीर सुनावणी पुन्हा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर पहिल्या सुनावणीत लोकांनी आणलेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

आयोगाच्या हातात काय नाही, तेही सांगायला हवं, कारण निम्मा राग चुकीच्या दारावर जातो. घरगुती बिलातलं १६ टक्के वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. आयोग त्याला हात लावू शकत नाही. कृषिपंपांची मोफत वीज हाही सरकारचा निर्णय. २०२४ च्या योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची बिलं सरकारने उचलली. कलम ६५ प्रमाणे अशा सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ भरायची असते, आणि ती भरली नाही तर आयोगाचा मूळ दर लागू होतो. पेट्रोल २०१० पासून आणि डिझेल २०१४ पासून सरकारी दरनियंत्रणातून बाहेर आहे. पाइपने येणाऱ्या गॅसला पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आहे. ते परवाने देतं आणि पाइपलाइनचं भाडं ठरवतं, पण ग्राहकाला विकायच्या गॅसची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. स्वयंपाकाच्या गॅसचं बिल आणि विजेचं बिल एकाच घरात येतं, पण त्यामागचं नियमन अगदी निराळं आहे.

दर याचिकेवर हरकत घ्यायची असेल तर अशी घ्या. याचिका दाखल झाल्यावर आधी तांत्रिक छाननी होते, मग वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते. तिच्यात शेवटची तारीख आणि हरकत पाठवायची पद्धत असते. महावितरणसाठी सुनावण्या सहसा नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर इथे होतात. याचिकेची पूर्ण प्रत संकेतस्थळावर असते. हजार पानं वाचायची गरज नाही. मागच्या वर्षाच्या फरकाचे तक्ते उघडा. विक्री, गळती, वीजखरेदी, देखभाल खर्च आणि भांडवली योजना या पाच ठिकाणी 'मंजूर' आणि 'प्रत्यक्ष' हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहा. 'गरिबांवर बोजा टाकू नका' अशा हरकतीची आदेशात एका ओळीत नोंद होते आणि पुढे काही होत नाही. 'अमुक तक्त्यात देखभाल खर्च मंजुरीपेक्षा इतका जास्त, कारण दिलेलं नाही, म्हणून नामंजूर करावा' अशा हरकतीला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि आयोगाला त्यावर निष्कर्ष. वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. कलम ९४ खाली आयोग काही संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणूनही अधिकृत करतो. पुण्याची प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत ही त्यातली जुनी नावं. वेळ नसेल तर त्यांच्या हरकती वाचल्या तरी कुठे पाहायचं ते कळतं.

स्वतःच्या बिलाची तक्रार ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी आयोगाकडे थेट जायचं नाही. आधी वितरण कंपनीकडे लेखी तक्रार आणि पोच. मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट. वाद चालू असताना वीज तोडतील ही धास्ती असते, त्यावर कलम ५६ मध्येच सोय आहे: मागणी केलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली की तोडता येत नाही. पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात तसं लिहून घ्या. नुसती रक्कम भरली की मान्य केली असं धरलं जातं. तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीसही हवी. मीटर सदोष निघाला तर थकीत आकारणी सर्वसाधारणपणे वादाच्या महिन्याआधीच्या तीन महिन्यांपुरतीच, मागच्या दोन वर्षांची नाही. 'दोन वर्षांनंतर जुनी मागणी करताच येत नाही' हे मात्र अर्धसत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांप्रमाणे बिलातली चूक नंतर सापडली तर कंपनी मागणी करू शकते. त्या मागणीसाठी वीज तोडण्याचा मार्ग मर्यादित होतो.

एक सावधगिरी: बिल कलम १२६ खालचं, म्हणजे अनधिकृत वापराचं असेल, किंवा १३५ खाली चोरीचं असेल, तर मंच ते ऐकत नाही. १२६ मध्ये आकारणी त्या गटाच्या दराच्या दुप्पट होते, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर तपासणीआधीचे बारा महिने धरतात. तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत घेऊन सुनावणी मागायची, आणि अंतिम आदेशानंतर तीस दिवसांत निम्मी रक्कम भरून कलम १२७ खाली अपील करायचं. मंचात अर्ज करून महिने घालवले की ही मुदत निघून जाते. म्हणून बिल हातात आलं की रकमेआधी कलम पाहा.